सुलट बाजू आत

मास्तरीणबाई संध्याकाळी फिरून आल्या, सोफ्यावर टेकल्या आणि तशाच किंचाळत उठल्या. त्या मोटरसायकलच्या प्लगवर बसल्या होत्या.

मास्तर धावत आले. त्यांनी आधी तो प्लग उचलून उजेडात धरला, त्याचं टोक वाकलेलं नाही याची नीट खात्री करून घेतली आणि मग विचारलं, "तुला लागलं नाही ना?"

इथे क्रम चुकला. (संसारात प्रश्न बरोबर असून भागत नाही, तो कितवा विचारला तेही बघतात.) पुढचं सगळं महाभारत या चुकलेल्या क्रमातून घडलं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, टेलरमास्तर. आणि टेलरही कसले! त्यांनी शिवलेला कोट अंगात चढवला की माणसाचं पोट कुठे गेलं, ते त्या पोटालाही कळत नसे. जन्मभर कोट शिवून झाल्यावर दुकान पुतण्याच्या हाती सोपवून ते घरी बसले. बसले हे आपलं म्हणायचं, बसायला जागा होती कुठे? एका गिऱ्हाइकाकडून त्यांनी एक म्हातारी, साइडकारवाली मोटरसायकल घेतली होती आणि ती दुरुस्त करायला हॉलमध्ये सुटी करून मांडली होती. इंजिन टीपॉयवर, टाकी सोफ्यावर, चाकं टीव्हीपुढे. बातम्या आऱ्यांमधून बघाव्या लागत. आणि साइडकार, म्हणजे गाडीच्या बगलेला असते ती टोपलीसारखी बैठक, खिडकीखाली ऊन खात पडलेली.

या बैठकीचं एक गुपित होतं. तिची गादी मास्तरांनी बाईंच्या मापानं कापली होती. माप घ्यावं लागलं नाही, तोंडपाठच होतं. गाडी सुरू झाली की बाईंना त्यात बसवायचं आणि थेट समुद्रापर्यंत न्यायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. जन्मभर दुकानाच्या मागच्या खोलीत मान खाली घालून काजं करत बसलेल्या बायकोला एकदा तरी वारा खायला न्यावं, एवढीच त्यांची इच्छा. पण हे त्यांनी बाईंना सांगितलं नव्हतं. गाडी आधी सुरू तर होऊ दे, मग सांगू.

बाईंना अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त प्लग ठाऊक झाला होता.

"पुढच्या महिन्यात लेक-जावई राहायला येतायत," त्या म्हणाल्या. "जावयांना कुठे बसवू? टाकीवर?"

"टाकी पुसून देतो की मी."

"अहो, ते लोक यायच्या आत हा हॉल रिकामा झाला नाही, तर मी भंगारवाल्याला हाक मारीन. सांगून ठेवते."

बाई बोलतात ते करतात. त्यांनी लावलेलं बटण कापड फाटलं तरी निघत नसे, तसाच त्यांचा शब्द.  मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. घराच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे एक दोरी आणि तिच्यावर टॉवेल, एवढंच होतं.

"मी गॅरेज बांधतो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"पत्र्याचं. त्यात आहे काय? चार बाजू आणि वर पाठ. कोटाला याहून जास्त तुकडे असतात."

 कात्री हातात असताना हा माणूस चुकत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. (कात्री खाली ठेवल्यावर काय होतं, तेही ठाऊक होतं.)

दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप अडकवून मास्तर मोटरसायकलपुढे उभे राहिले. त्यांनी तिची छाती मोजली, कंबर मोजली, हँडलचे शोल्डर मोजले. गिऱ्हाइकाला विचारायची सवय अशी अंगवळणी पडलेली, की "सैल हवं की अंगासरशी?" असंही त्यांच्या तोंडून गेलं. मग मापात भरपूर वाढ धरून त्यांनी आकडे वेल्डरला दिले.

वेल्डरनं आकडे बघितले. "मास्तर, एका मोटरसायकलला एवढं मोठं? यात टेम्पो मावेल."

"वाढत्या अंगाचं आहे," मास्तर म्हणाले.

"गाडी वाढते होय?"

"गाडी नाही, छंद वाढतो. शाळेचा गणवेश शिवताना आम्ही दोन वर्षांची वाढ धरतो. तू सांगाडा उभा कर, कापडाचं मी बघतो."

वेल्डरनं लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला, पत्रे आणून टाकले आणि तो दुसऱ्या कामावर गेला. पत्रे मात्र देखणे होते. सपाट, एका बाजूनं मोरपंखी निळे, दुसऱ्या बाजूनं राखाडी. मास्तरांनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोत चांगला आहे."

आता दुसरा कुणी असता तर त्यानं पत्रा उचलला असता आणि सांगाड्यावर ठोकला असता. मास्तरांनी आधी कागदाचा बेत केला. रद्दीतले पेपर एकमेकांना चिकटवून त्यांनी अख्ख्या गॅरेजचे तुकडे जमिनीवर मांडले, डावी भिंत, उजवी भिंत, छताचा उतार. तेवढ्यात वारा सुटला आणि उजवी भिंत उडून समोरच्या घराच्या गॅलरीत गेली. तिथे हेडक्लार्क राहत. ते रिटायर झाल्यापासून गॅलरीतच असत. ते भिंत परत द्यायला खाली उतरले आणि मग तिथेच खुर्ची टाकून बसले. अशी करमणूक रोज थोडीच असते!

पण खरं सांगायचं तर करमणूक थोड्याच वेळात बाजूला राहिली आणि हेडक्लार्क तोंडात बोट घालून बघू लागले. मास्तर खडूनं पत्र्यावर एक रेघ ओढत, डोळे बारीक करत, आणि पत्रा कापायच्या कात्रीनं त्या रेघेवरून असे जात की कुठे दातरा नाही, कुठे वळसा नाही. प्रत्येक तुकड्याला त्यांनी दाब ठेवला, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडतात ती जास्तीची पट्टी. दोन पत्रे जोडताना ते दोन्ही पट्ट्या एकात एक दुमडत आणि लाकडी हातोड्यानं बसवत. डबल शिलाई! त्या जोडातून पाणी सोडा, मुंगीसुद्धा गेली नसती.

आणि काजं-बटणं बाईंकडे. म्हणजे भोकं आणि बोल्ट. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बघायला म्हणून आल्या आणि मास्तरांनी पाडलेलं एक भोक बघून त्यांनी नाक मुरडलं.

"हे काज म्हणायचं? द्या इकडे."

त्यांनी ड्रिल हातात घेतलं, पदर खोचला, आणि सरळ ओळीत अशी भोकं पाडत गेल्या की मशीननं पाडावीत. बोल्ट त्या पान्यानं आवळत आणि शेवटी एक जास्तीचा पीळ देत. "धुण्यात निघायला नको," असं म्हणत. गॅरेज धुवायला कोण टाकणार होतं देव जाणे. पण आपली बायको उन्हात उभी राहून बोल्ट आवळतेय, हे बघताना मास्तरांचं मन इतकं भरून आलं, की समुद्राचं गुपित त्यांच्या अगदी ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "तिथे एक बटण राहिलंय."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या.

काम अर्ध्यावर आलं तेव्हा हेडक्लार्कांनी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, एक विचारू? ती निळी बाजू तुम्ही आत घेताय?"

मास्तरांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं ते बाहीला पाय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत. "साहेब, सुलट बाजू आतच असते. काम नेहमी उलट बाजूनं होतं."

"असं होय," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली. कारागिराच्या कामात नाक खुपसू नये, एवढं त्यांना कळत होतं. बाईंनाही यात काही वावगं वाटलं नाही. जन्मभर दोघांनी कपडा उलटाच बघितला होता. राखाडी पाठ, कडेला बाहेर आलेल्या पट्ट्या, खडूच्या रेघा, कामावर असलेली वस्तू अशीच दिसते, असायलाच हवी.

लेक-जावई येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा बोल्ट बसला. बाईंनी त्याला जास्तीचा पीळ दिला आणि हात झटकले. मास्तर शिडीवरून उतरले, चार पावलं मागे गेले. गॅरेज उभं होतं. पक्कं, सरळ, टाचणीएवढी फट नाही. बाईंनी कौतुकानं मान डोलावली.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "आता पलटा."

आणि मास्तर खरोखरच दोन पावलं पुढे गेले. त्यांनी दोन्ही हातांनी गॅरेजची खालची कड धरली.

मग ते तसेच वाकलेले राहिले. बराच वेळ.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "हे पलटत नाही ना?"

"नाही," मास्तर वाकूनच म्हणाले.

खुर्चीवर हेडक्लार्क लालबुंद झाले होते. हसू दाबल्यानं माणसाला त्रास होतो, ते बिचारे "मी येतो हं" एवढंच म्हणून घरी पळाले. आणि थोड्याच वेळात त्यांच्या गॅलरीतून जो आवाज आला तो खोकल्याचा नक्कीच नव्हता.

मास्तर जमिनीवर बसले. आता उसवायचं म्हणजे पत्रा फाडायचा, कारण डबल शिलाई स्वतःच्या हातची. बोल्ट काढायचे म्हणजे बाईंची बटणं, त्यांच्यापुढे देवही असमर्थ. उद्या लेक येणार. ज्या माणसाच्या कोटात शहर मिरवलं, त्याच्या दारात एक आख्खं गॅरेज उलटं उभं! त्यांना खरंच रडू येऊ लागलं. "बोलव तुझ्या भंगारवाल्याला," ते म्हणाले. "गाडीबरोबर मलाही ने म्हणावं."

 बाई घरात गेल्या आणि साइडकार ओढत बाहेर आल्या.

"हात लावा," त्या म्हणाल्या. "हॉल रिकामा करायचा म्हणजे करायचा. गॅरेज उलटं असलं तरी गॅरेजच आहे."

दोघांनी मिळून ती आत नेली. बाई दमल्या होत्या, त्या सहज त्या बैठकीत टेकल्या. मग उठायच्या ऐवजी मागे रेलल्या. त्यांनी उजवीकडे हात फिरवला, डावीकडे फिरवला. पाठीला जिथे टेकू लागतो तिथे टेकू होता. खांदा थोडा उजवीकडे झुकतो, तर गादीही तिकडेच थोडी झुकलेली.

"अहो, ही माझ्या मापाची आहे."

मास्तर पान्याकडे बघत राहिले. "गाडी सुरू झाली की समुद्रावर जायचं होतं. तुला सांगणारच होतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या प्रेमानं शिवलेली वस्तू आपल्यासाठी होती, आणि आपण भंगारवाल्याच्या गोष्टी करत होतो, असं त्यांना झालं. "मग सुरू करा ना," त्या म्हणाल्या. "कोण नाही म्हणतंय?" भंगारवाल्याचं नाव त्यानंतर त्या घरात निघालं नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत टाकी, इंजिन, चाकं सगळं गॅरेजात गेलं आणि हॉल मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई आले. लेक फाटकातच थबकली. "बाबा, हे काय? अजून व्हायचंय का?"

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "आत ये, सांगतो." त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या.

आत ऊन गेलं आणि चारी भिंती निळ्या झाल्या. वर छत निळं, बाजूला निळं, तलावाच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटावं. कुठे जोड दिसत नव्हता, कुठे दाब दिसत नव्हता, सगळं बाहेर. सुलट बाजूला जसं असावं तसं एकदम साफ. आणि बाईंचे बोल्ट चांदीच्या बटणांसारखे ओळीनं चमकत होते.

जावई दातांचे डॉक्टर. मोजकं बोलणारे. त्यांनी मान वर करून छताचा कोपरान्‌कोपरा तपासला आणि म्हणाले, "बाबा, आतून इतकं स्वच्छ काम मी आजवर बघितलं नाही. आणि बाहेरून काय करायचंय? मी तर कुणाला बाहेरून बघतच नाही."

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्या आठवड्यात अख्खी गल्ली गॅरेज बघून गेली. वेल्डर दोनदा आला, दुसऱ्यांदा बायकोला घेऊन. हेडक्लार्क तर आत बसून म्हणाले, "मास्तर, चूक करावी तर तुम्हीच," आणि ते मनापासून म्हणाले.

लेक म्हणाली, "आई, आपण इथेच बसू या ना, हॉलपेक्षा किती छान वाटतं." म्हणून सोफा गॅरेजात आला. मग टीपॉय आला. टीव्ही आला. बाईंनी आपलं शिवणयंत्रही दाराशी आणून ठेवलं. वाढत्या अंगाचं शिवलेलं असल्यानं सगळं सहज मावलं. फक्त मोटरसायकल मधेमधे यायला लागली. तेव्हा इंजिन, टाकी, चाकं उचलून जिथे मोकळी जागा होती तिथे, म्हणजे हॉलमध्ये, नेऊन ठेवण्यात आली. साइडकार तेवढी गॅरेजातच राहिली, कारण बाई तिच्यातून उठायला तयार नव्हत्या.

आता मास्तर दिवसभर एकटेच हॉलमध्ये गाडी दुरुस्त करत असतात. काल इंजिन पहिल्यांदा घरघरलं. ही बातमी सांगायला ते धावतच गॅरेजकडे गेले आणि दार ढकललं. ते आतून लावलेलं होतं.

"अगं, उघड! सुरू झाली! समुद्रावर जायचं!"

दाराची फळी वीतभर उघडली. बाईंनी आधी त्यांच्या तेलकट तळहातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

"जाऊ या हं," त्या म्हणाल्या. "पण आधी हात धुऊन या. आत सगळी सुलट बाजू आहे."