अतिसमाधानी ग्राहक

मुलुंड पूर्वेच्या सुमंगल सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नीलाताई टिपणीस यांचं वॉशिंग मशीन एका मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता बंद पडलं. बंद पडताना त्याने आतून दार लावून घेतलं. पोटात त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे अण्णांच्या तीन पँटी, दोन चादरी आणि बादलीभर साबणाचं पाणी होतं. मशीन बंद पडणं ही काही बातमी नव्हे. परंतु हे मशीन स्मार्ट होतं, म्हणजे ते स्वतः बंद पडलं तरी त्याचं ॲप चालू होतं, आणि ॲपवर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं, 'तुमचं मशीन आज आनंदात आहे.'

"असेना का," अण्णा टॉवेल गुंडाळून म्हणाले. "माझ्या पँटी परत दे म्हणावं त्याला."

नीलाताईंनी तक्रार नोंदवायला घेतली. 'शुभ्रांग' कंपनीत माणसाशी बोलण्याची सोय गेल्याच वर्षी ग्राहकांच्या सोयीसाठी बंद करण्यात आली होती. त्याजागी स्वच्छा नावाची एक यांत्रिक मुलगी ॲपवर लिहून उत्तरं देत असे. तिने विचारलं, 'नमस्कार नीला! तुमची समस्या निवडा. एक, कपडे फारच पांढरे निघतात. दोन, शेजारी हेवा करतात. तीन, इतर.' नीलाताईंनी 'इतर' निवडून सगळी हकीकत मुद्देसूद लिहिली. स्वच्छाने तिची नोंद घेतली आणि अकराव्या मिनिटाला कळवलं, 'तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. कृपया तारे द्या.'

नीलाताईंनी एक तारा दिला. तोही शून्याची सोय नव्हती म्हणून.

इथे एक सांगायला हवं. नीलाताईंनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, आणि त्या चौतीस वर्षांत एकाही पेपरावर चौतीसचे पस्तीस केले नव्हते. शाळेच्या विश्वस्तांचा मुलगा एका मार्काने गेला तेव्हा स्वतः विश्वस्त घरी पेढे घेऊन आले होते. बाईंनी पेढे घेतले नाहीत आणि मार्कही दिला नाही. दुसऱ्याविषयीचं आपलं मत म्हणजे गणिताचं उत्तर असतं, ते एकच आणि बरोबर असायला हवं, अशी त्यांची श्रद्धा होती.

दुपारी चार वाजता बेल वाजली. दारात पन्नाशीचा एक सडपातळ माणूस उभा होता. डोक्यावर कंपनीची निळी टोपी, हातात हत्यारांची पेटी नाही.

"मी लवू परब. शुभ्रांगचा टेक्निशियन," तो म्हणाला. "बाई, तुम्ही मला एक स्टार दिलात?"

"मी तुम्हाला आत्ता पहिल्यांदा बघते आहे."

"तेच तर. न बघताच दिलात."

त्यांना आत बसवून चहा दिल्यावर प्रकार उलगडला. तक्रार आली की ती जवळच्या टेक्निशियनच्या नावावर पडते. मग संगणक ती सोडवून टाकतो. मिळालेले तारे मात्र टेक्निशियनच्या खात्यात जातात, कारण संगणकाला तारे देणं कंपनीच्या नियमात बसत नाही. परब चेंबूरला राहत होते, आणि संगणकाच्या मते ते मुलुंडच्या जवळ होतं. त्यांची सरासरी चार पूर्णांक सातच्या खाली घसरली, तर त्यांचं नाव यादीतून आपोआप गळणार होतं. या एका ताऱ्याने ती चार पूर्णांक एकाहत्तरवर आली होती.

"ते राहू दे. आधी मशीन बघा," नीलाताई म्हणाल्या.

"नाय बघता येत. तुमची तक्रार बंद झाली. बंद तक्रारीचा मशीन उघडला तर ती चोरी होते. मी आज रिपेरला आलो नाय, 'अभिप्राय सुधारणा भेट' म्हणून आलोय."

"मग मी नवी तक्रार करते."

"जुनीचा निकाल लागल्याशिवाय नवी घेत नाय. आणि पाचच्या खाली स्टार असले, की निकाल पंधरा दिवस चौकशीत जातो."

नीलाताईंनी हे मनातल्या मनात फळ्यावर मांडून पाहिलं. दुरुस्ती व्हायची असेल, तर झालेली दुरुस्ती उत्तम होती असं आधी लिहून द्यायला हवं. पायऱ्या बरोबर होत्या. उत्तर चुकत होतं.

"तीन देते," त्या मोठ्या मनाने म्हणाल्या. "तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास."

"बाई, आमच्याकडे तीन म्हणजे नापास. चार म्हणजे नोटीस. पाच म्हणजे उद्या कामावर यायचा."

"हिने विश्वस्तांच्या मुलालासुद्धा नापास केलं होतं," अण्णांनी टॉवेल सावरत अभिमानाने सांगितलं.

"मग? त्याचा काय झाला?"

"तो आता विश्वस्त आहे."

परबांनी कप खाली ठेवला आणि ते उठले. त्यांनी आग्रह केला नाही. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, "चहा झकास होता, बाई. मी असतो तर पाच दिले असते." आणि चौतीस वर्षांत पेढ्यांनी जे झालं नव्हतं, ते या वाक्याने झालं. नीलाताईंनी फोन उचलला आणि ओठ घट्ट मिटून पाच तारे दिले.

पण पाच ताऱ्यांना स्पष्टीकरण सक्तीचं होतं, किमान चाळीस शब्दांचं. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, हे नीलाताईंनी ठरवलंच होतं. त्यांनी लिहिलं : 'श्री. परब वेळेवर आले, नम्रपणे बोलले आणि माझं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मशीनचा आवाज अजिबात येत नाही. वीज जराही खात नाही. आत ठेवलेले कपडे पूर्ण सुरक्षित राहतात, ते कुणी काढूच शकत नाही. या मशीनमुळे आमच्या घरातल्या सगळ्यांना हालचाल आणि व्यायाम होऊ लागला आहे.'

प्रत्येक विधान तपासून त्यांनी ते पाठवलं. हालचाल अण्णांची, शेजाऱ्यांकडे पँट मागायला जाण्याची होती, आणि व्यायाम नीलाताईंचा, हाताने कपडे धुण्याचा.

दुसऱ्या दिवशी नीलाताईंनी नवी तक्रार नोंदवली. अकराव्या मिनिटाला तिचं निवारण झालं आणि चार वाजता परब आले. पुन्हा चहा, पुन्हा पाच तारे, पुन्हा चाळीस खरे शब्द. 'आज पोहे केले होते, परबांनी दोनदा घेतले' हेही त्यात आलं. असं सलग पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी स्वच्छाने तक्रार घ्यायलाच नकार दिला. 'तुम्ही आमच्या अतिसमाधानी ग्राहक आहात. तुमच्याकडून तक्रार येणं संभवत नाही. तुमच्या खात्यात कोणी परका माणूस शिरला आहे का?'

"पाच दिवसांनी विचारतेय," अण्णा म्हणाले. ते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या ओजसच्या बर्मुडात होते आणि त्यावर मोठमोठे अननस होते.

मशीनमधून आता वासही येऊ लागला होता. चार वाजता नुसत्या सवयीने आलेल्या परबांनी त्या दिवशी बराच वेळ त्या बंद दाराकडे पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची निळी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता मी कंपनीचो नाय. तुमचो पावणो." खाली वाकून त्यांनी मशीनच्या पायाशी असलेली झडप उघडली, आत बोट घालून कसलीशी पट्टी ओढली, आणि खट्कन दार सुटलं. पाण्याचा लोट स्वयंपाकघरभर पसरला. त्यात उभं राहून अण्णांनी आपल्या पँटी छातीशी धरल्या. चादरी नीलाताईंनी आणि परबांनी दोन टोकांना धरून पिळल्या.

"एवढं येतं तुम्हाला, तर मग कंपनी करू का देत नाही?" नीलाताईंनी विचारलं.

"बाई, तीस वर्षां मशीनच खोलतंय मी. आता कंपनी म्हणते, मशीन सोड, ग्राहक सांभाळ." ते हसले. "आतलं सर्किटचं कार्ड जळलंय. स्टोअरमध्ये मागायचं, तर उघडी तक्रार लागते. आणि तुमची तर आता होतच नाय."

पुढच्या आठवड्यात अंधेरीहून कंपनीच्या ग्राहक-आनंद विभागातून गंधाली नावाच्या मुलीचा फोन आला. फोनवर खराखुरा माणूस ऐकून नीलाताई क्षणभर गोंधळल्याच. 'वर्षातील सर्वाधिक समाधानी ग्राहक' म्हणून त्यांची निवड झाली होती. आवाज येत नाही, वीज खात नाही, कपडे सुरक्षित राहतात ही त्यांची वाक्यं कंपनीला इतकी आवडली होती, की ती जाहिरातीत वापरायचं ठरलं होतं. सत्कार शनिवारी सकाळी अकराला, अंधेरीच्या कार्यालयात.

"मी येणार," नीलाताई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी अण्णांना सांगितलं, "अहो, पँट इस्त्री करा. स्टेजवर उभी राहून सगळ्यांसमोर खरं काय ते सांगते."

शनिवारी लिंक रोडवर रिक्षाने दीड तास घालवून दोघं पोहोचली. सभागृह थंडगार होतं. दोनशे माणसं बसली होती आणि मागे पडद्यावर नीलाताईंचाच फोटो होता, रेशनकार्डावरचा असावा तसा. गंधालीने शाल दिली, नारळ दिला आणि माईक पुढे केला.

नीलाताईंनी वर्गावर टाकावी तशी एक नजर टाकली. "माझं मशीन बंद आहे," त्या म्हणाल्या. "पहिली तक्रार केली त्या दिवसापासून बंद आहे. आवाज येत नाही, कारण ते चालतच नाही."

सभागृह हसून कोसळलं. कोणीतरी शिट्टी मारली. "काय टायमिंग आहे मॅडमचं!" गंधाली डोळे पुसत म्हणाली. "आणि मंडळी, याच मॅडमना इतकं आनंदी ठेवणारे आपले या वर्षीचे सर्वोत्तम टेक्निशियनही इथे आहेत. लवू परब!"

कडेच्या पायऱ्यांवरून परब वर आले. टोपी नव्याने धुतलेली होती. पहिल्या रांगेत त्यांची बायको विमला, अबोली साडी नेसून, दोन्ही हातांनी फोन धरून फोटो काढत होती. फोटो हलला असेल या भीतीने ती परतपरत काढत होती. परबांनी प्रशस्तिपत्र घेतलं आणि नीलाताईंकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती. नापास होणार हे ठाऊक असलेली चांगली मुलं बाईंकडे बघतात, तसं ते बघत होते.

माईक अजून नीलाताईंच्या हातात होता. 'मी विनोद करत नाही' एवढं एकच वाक्य बाकी होतं. तेवढं ठणकावून सांगितलं, तर ते प्रशस्तिपत्र तिथल्या तिथे परत गेलं असतं.

"परबांना माझ्याकडून शंभरपैकी शंभर," त्या म्हणाल्या आणि माईक खाली ठेवला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. बक्षीस म्हणून त्यांना तेच मशीन मिळालं, त्याच मॉडेलचं, फक्त हे बोलणारं होतं. परबांना बढती मिळाली. मशीन उघडता येणारा कंपनीतला तो बहुधा शेवटचा माणूस, त्याला दुरुस्तीतून काढून तारे कसे मिळवावेत हे इतर टेक्निशियनना शिकवायला बसवण्यात आलं.

पुढच्या रविवारी परब नवराबायको घावणे घेऊन आले. टोपी घरीच ठेवली होती. परबांनी बोलणाऱ्या मशीनचं कार्ड काढून जुन्यात बसवलं, आणि जुनं मशीन जवळजवळ तीन आठवड्यांनी फिरलं. चौघांनी खुर्च्या मांडून त्याची एक अख्खी फेरी पाहिली. वीस मिनिटांत ॲपवर लाल अक्षरं आली, 'तुमच्या मशीनमध्ये संशयास्पद हालचाल आढळली आहे. ते कपडे धूत आहे. तुमच्याविरुद्ध तक्रार नोंदवण्यात आली आहे.' ही तक्रार मात्र आजतागायत उघडी आहे.

महिन्याभराने तिसऱ्या मजल्यावरची उत्तरा जिना उतरून आली. चेहरा लाल, हातात फोन.

"काकू, तुमचं वाचून ते मशीन घेतलं मी! तुमचा फोटो होता म्हणून! चार दिवसांत बंद. माझा ड्रेस आत अडकलाय."

"मी काय लिहिलं होतं ते नीट वाच," नीलाताई शांतपणे म्हणाल्या.

उत्तराने उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिला हसू आवरेना.

"तुझ्याकडे आला का कोणी?"

"आला ना. पेटी नाही, काही नाही. नुसता दारात उभा."

"मग? किती दिलेस?"

उत्तराचं हसणं थांबलं. तिने फोन पदराआड लपवायचा प्रयत्न केला, पण ती जीन्समध्ये होती.

"पाच," ती पुटपुटली. "इतका गयावया करत होता यार, काकू. कोण त्याच्या पोटावर पाय आणणार? आणि एका माझ्या मताने असा काय फरक पडतो?"

"बरोबर आहे," नीलाताई म्हणाल्या.

"पण मी आता शहाणी झालेय हं," उत्तरा उठत म्हणाली. "पाण्याचा फिल्टर घ्यायचाय. या वेळी कुणाचा फोटोबिटो बघणार नाही. हा बघा, चार पूर्णांक आठ स्टार आहेत. आणि ते बासष्ट हजार लोकांनी दिलेत."

नीलाताईंनी चष्मा लावून आकडा पाहिला. त्या गणिताच्या बाई. एवढ्या मोठ्या संख्येपुढे त्यांचंही मन विरघळलं.

"मग घे," त्या म्हणाल्या. "बासष्ट हजार माणसं सगळी आपल्यासारखी थोडीच असणार?"