गुरुजींचा कोरा फळा

आमच्या जानेफळात वासुदेव गुरुजी समोरून येताना दिसले की चाळिशी उलटलेली माणसं गल्ली बदलतात. गुरुजी रामराम घालत नाहीत, तब्येत विचारत नाहीत. छातीवर बोट ठेवून एवढंच विचारतात, "खरा कवा जन्मला बे तू?"

प्रश्न वेडगळ वाटेल, पण त्याला कारण आहे. पूर्वी पोराचं नाव शाळेत घालायला आलेल्या आईबापांना त्याची जन्मतारीख ठाऊक नसायची, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गुरुजी बेधडक 'एक जून' लिहून मोकळे व्हायचे. अर्धं गाव त्यांनी असं एकाच दिवशी जन्माला घातलं. मीही त्यातलाच. निवृत्त झाल्यावर मात्र गुरुजींना हे एकाएकी खुपायला लागलं. आपण लिहिलेलं आपणच दुरुस्त करायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि गुरुजींनी एकदा ठरवलं की गावाची धडगत नसते.

एसटी स्टँडवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक फळा टांगलाय. रोज सकाळी मेहकरची पहिली गाडी यायच्या आत त्यावर दिनविशेष लिहिलेला असतो. वर कुठल्याशा देशाचं स्वातंत्र्य, कोणा शास्त्रज्ञाचा जन्म. त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरात किसन टेलरचा जन्म. शास्त्रज्ञ आणि किसन यांच्यात गुरुजी डावंउजवं करत नाहीत.

ज्याची आई हयात असेल तिच्यासमोर ते वही उघडून बसतात. तूर उभी होती की कापली होती? बाजाराचा दिवस होता का? पोळा होऊन किती दिवस झाले होते? मग घरी जाऊन ट्रंकेतली जुनी पंचांगं चाळतात. किसनच्या आईला फक्त त्याच दिवशी व्यालेली म्हैस आठवत होती. गुरुजींनी दोन तास म्हशीची चौकशी केली आणि तारीख काढली. दोन चुलत भावांत तर धाकटा थोरला निघाला. ते दोघं अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. गुरुजी म्हणाले, त्याले मी काय करू, नोंद पाहिजे. 'नोंद पाहिजे' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हा फळा वर्षातून एकच दिवस कोरा असतो, पावसाळा सरताना. त्या तारखेला, फार वर्षांपूर्वी, गुरुजींच्या बायको, सुमनकाकू, गेल्या. मूलबाळ नव्हतंच. त्या दिवशी जगात काही घडलंच नाही असं गुरुजींनी ठरवून टाकलंय, आणि कोणी त्यांना काही विचारत नाही.

माझं घोडं मात्र अडलं होतं. माझी आई गुरुजींना दाद देत नव्हती. एकदा म्हणाली तीळ कापत होते, एकदा म्हणाली कडाक्याची थंडी होती. तिसऱ्या वेळी चहा ठेवायला आत गेली ती बाहेरच आली नाही. तुही माय खोटं बोलून राह्यली, असं गुरुजी मला स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाले. मी चिडलो. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं.

मग आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं, बुलढाण्याला. वय पंच्याहत्तर, साखर वाढलेली. माझी सही घेताना डॉक्टरांनी नजर चुकवली. तिला आत न्यायला अर्धा तास उरला असताना पाहतो तर दाराशी गुरुजी उभे. बगलेत वही.

मी त्यांना तिथेच अडवलं. म्हणालो, गुरुजी, आज नाही, थोडी तरी लाज बाळगा.

"आज नाही तर कवा?" ते हळूच म्हणाले. "उद्या कोणाले विचारू?"

जे मी आठ दिवस मनात येऊ दिलं नव्हतं ते त्यांनी सरळ बोलून टाकलं. इतका संताप आला की मी वही हिसकावून फेकणार होतो. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, येऊ दे त्यायले.

गुरुजी खाटेजवळ बसले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. आई छताकडे पाहत बोलू लागली.

"हा झाला त्या दिवशी शाळा बंद होती, गुरुजी. सारं गाव तुमच्या अंगणात होतं. सुईण बी तिथंच बसली होती, तिले तिथून उठवून आणलं." तिने गुरुजींकडे मान वळवली. "तिकडं सुमनबाईले नेऊन राह्यले होते, अन् इकडं हा रडला. कसं सांगू मी तुमाले?"

गुरुजींनी काहीच लिहिलं नाही. टोपण पेनाला बसेना. आईला आत नेलं. पुढचे तीन तास ते माझ्या शेजारी बाकावर बसून होते, आमचा थर्मास मांडीवर धरून. एकही प्रश्न विचारला नाही. डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक आहे म्हणाले तेव्हा मला रडू फुटलं. वळून पाहिलं तर गुरुजी आधीपासूनच रडत होते.

आई घरी आली. पावसाळा सरत आला. तो दिवस उजाडला तेव्हा स्टँडकडे जायची मला धास्ती वाटत होती. फळा कोरा असला तर काय आणि नसला तर काय, दोन्हींची. पण मेहकरची गाडी तर धरायची होती.

फळ्यावर दोनच ओळी होत्या. वर माझं नाव आणि जन्म. खाली सुमनकाकूंचं नाव आणि स्मृतिदिन. अक्षर दोन्हींचं सारखंच मोठं. गुरुजी हातांवरचा खडू झटकत बाजूला उभे होते. मी वाकून पाया पडलो.

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन पेढे होते. एक त्यांनी माझ्या तोंडात घातला आणि दुसरा हातावर ठेवला.

"हा तुह्या मायले दे," ते म्हणाले. "माह्यापायी तिनं एवढे वर्षं पोराचा वाढदिवस लपवून ठेवला."