डोकं बाहेर, मान शाबूत

डॉक्टर चांदवडकर पेशंटला नाव विचारायचे नाहीत. आधी "किती वाजता?" एवढंच. इंदिरानगरातल्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवरून आत नेलं, तेव्हा मीही गोंधळून म्हणालो, "काय किती वाजता?"

सत्त्याण्णव साल. दिंडोरीहून द्राक्षांचे क्रेट घेऊन निघालो होतो. पिकअपसमोर बैल आला, चुलतभाऊ सुदामनं करकचून ब्रेक मारला आणि माझा उजवा गुडघा डॅशबोर्डवर आदळला. रक्ताचा थेंब नाही, पण पाय आखूड होऊन आत वळलेला. हलवायला गेलं की जीव जायचा.

अपघात नऊ वाजता झाला, असं सुदामनं सांगितलं. खुब्याचा निखळलेला सांधा सहा तासांच्या आत बसवायला हवा, असं पुटपुटत डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. पण पाय काही ओढेनात. "डोकं बाहेर आलंय. मान शाबूत आहे का, ते एक्स-रे फोटोत बघू."

मी मान डावीउजवीकडे फिरवून दाखवली. "मान चांगली हाय, डॉक्टर."

"तुमची नाही हो. मांडीच्या हाडाची. ती मोडलेली असताना ओढलं तर संपलंच."

हाडालाही डोकं आणि मान असते, हे मला तेव्हा कळलं. सुदामला कळेपर्यंत त्यानं घरी फोन करून डोकं बाहेर आल्याचं सांगून टाकलं होतं. आई रडत आली ती थेट माझं कपाळ चाचपायला.

फोटोत मान धड निघाली. मला भूल दिली. पुढचं सुदामनं दाराच्या फटीतून पाहिलेलं: सिस्टरनं माझी कंबर दाबून धरली, डॉक्टर टेबलावर चढले, माझा गुडघा वाकवून पाय छताकडे ओढत राहिले आणि खट्‌कन आवाज आला. शुद्धीवर आलो तर ते मला पायाचा अंगठा वरखाली करायला सांगत होते. नस दुखावली नाही ना, ते बघायला.

हाडाच्या डोक्याला जाणारं रक्त पुढं दोन वर्षांतही आटू शकतं, मग हाड झिजत जातं, म्हणाले. म्हणून दर महिन्याला एका रविवारी स्कूटरवरून आमच्या मळ्यात यायचे. मला चालवायचे, मांडी फिरवून बघायचे, आईच्या हातची भाकरी खायचे. तुमच्या घरी कोण कोण असतं, असं आईनं विचारलं की भाजीत काय घातलंय ते विचारायचे.

दोन वर्षांनी शेवटचा फोटो उत्तम आला. आता तपासणीची गरज नाही, असं त्यांनीच सांगितलं.

पुढच्या महिन्यात स्कूटर पुन्हा मळ्यात. मी गोंधळलो. काही राहिलं का, विचारलं.

डॉक्टर बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिले. मग म्हणाले, "डावा पाय कधी बघितलाच नाही ना."

डाव्याला काहीच झालं नव्हतं. तरी मी खाटेवर आडवा झालो. आत आईनं पीठ मळायला घेतलं.