दिगूचं मत मुक्कामाला

त्या दिवशी सकाळपासून कोरडं वारं सुटलं होतं, आणि त्या वाऱ्यात दुपारच्या एसटीनं निवृत्तीनानांच्या धाकट्या भावाचं मत गावात येऊन उतरलं. भाऊ आला नव्हता. नुसतं मत आलं होतं.

धाकटा भाऊ दिगंबर, म्हणजे दिगू, कॅनडात प्राध्यापक. समाज कुठं चाललाय ते बघायचं, त्यावर विचार करायचा आणि लिहायचं, ही त्याची नोकरी. आईच्या वर्षश्राद्धाला येऊन गेला, त्यानंतर त्याला गावाकडं यायला काही सवड झाली नाही. नानांची बायको जाऊनही बरीच वर्षं झालेली. घरात एकटा जीव. दारात पाऊल वाजलं की नानांचा जीव आधी फाटकापर्यंत जाऊन यायचा, मग नाना उठायचे.

मत उंचीला बेताचं होतं. अंगात करडं जाकीट, हातात लहानशी बॅग. डोळ्यांत धूळ गेलेली, ती पुसत उंबऱ्याबाहेर उभं होतं.

"दिगंबररावांकडून येणं झालं," ते म्हणालं. "मी त्यांचं मत."

"कशाबद्दलचं?" नानांनी विचारलं.

"गावाबद्दलचं. गावात आता कामाशिवाय कोणी कोणाकडे जात नाही, असं आहे मी. तिकडे छापून झालं आहे. आता इथं राहून पक्कं व्हायचं आहे."

"आणि दिगू?"

"त्यांना सुट्टी नाही."

नानांनी जरा विचार केला. "जेवण झालंय का?"

"नाही."

"मग आधी हातपाय धुवा."

जेवणानंतर नानांनी चहा दिला. मतानं तो बशीत ओतला आणि फुंकत बसलं. चहा कधीच निवला होता, तरी फुंकत होतं. दिगू लहानपणी असाच फुंकायचा. नाना उगीचच चुलीकडं तोंड करून बसले, आणि त्यानंतर त्यांनी मताला अहो-जाहो केलं नाही.

शेजारची हौसाक्का संध्याकाळी आली. वयानं नानांहून थोरली, जिभेनं तर फारच.

"ह्येच का दिगूचं मत?"

"हेच."

"वाळल्यालं दिसतंय. तिकडं खायला घालत न्हाईत वाटतं."

"आपलं काही काम होतं का?" मतानं अदबीनं विचारलं.

"काम कसलं बाबा? सहज आले."

मताला ठसका लागला. तो थांबतोय तोवर कोपऱ्यावरचे गुलाबचाचा शिंपी आले. त्यांनी मताला खालवर न्याहाळलं.

"एसटीत ह्याला अर्धं तिकीट पडलं का पुरं?"

"पुरं," मत म्हणालं.

"मग ठाम असणार."

"आपण कामानिमित्त...?"

"छे. दुकानात बसून कंटाळा आला."

रात्री मताच्या अंगात ताप भरला. नानांनी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली. सकाळी आणखी चार माणसं सहज डोकावून गेली, तेव्हा मत अंथरुणात निम्मं राहिलं होतं. नानांनी दिगूला फोन लावला.

"लोक येतात म्हणून?" दिगूनं विचारलं. "कामाशिवाय?"

"व्हय. तसंच येत्यात. आधीबी येत हुते."

"नाना, हे अपवाद झाले. अपवादावरून मी काही ठरवू शकत नाही. पुढच्या महिन्यात त्याच्यावर माझं मोठं भाषण आहे. जपा त्याला."

"आणि न्हाईच सोसलं तर?"

"तर मला मत बदलावं लागेल. मग जुनं मत राहत नाही."

"राहत न्हाई म्हंजे?"

"राहत नाही, नाना."

नानांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत दिगूकडून घरात आलेलं हे एवढंच होतं. ते हातचं कसं जाऊ द्यायचं? नाना गल्लीत गेले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की पाहुणा आजारी आहे, तर काम असेल तरच या.

"म्हंजे आजवर आम्ही यायचो ते चुकीचं?" हौसाक्का म्हणाली.

"चुकीचं न्हवं, आक्का. त्याला सोसत न्हाई."

गल्लीनं ऐकलं. पहिले काही दिवस लोक काम घेऊन आले. हौसाक्का पिठाची चाळणी मागायला आली. तिच्या घरात तीन चाळण्या होत्या. गुलाबचाचा सदऱ्याचं माप घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी तेच माप पुन्हा घ्यायला आले.

"काम असलं तरी ते खरं असावं लागतं," मत कपाळ दाबून म्हणालं. "नाहीतर डोकं दुखतं."

"माझ्या पायांनी असल्या परीक्षा दिल्या न्हाईत अजून," हौसाक्का म्हणाली. चाळणी तिनं तिथंच उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. ती पुन्हा आली नाही. मग कोणीच आलं नाही.

मताला मात्र उतार पडला. ते दोन भाकरी खाऊ लागलं. गाल वर आले, आवाज भरला. जाकिटाची बटणं लागेनात, तेव्हा गुलाबचाचांना बोलवून जाकीट उसवून घेतलं. ते खरं काम होतं, त्यामुळं मताला काही झालं नाही. चाचा माप घेताना एक शब्द बोलले नाहीत. पैसे घेतले आणि गेले. तसं त्यांनी नानांकडून पैसे कधी घेतले नव्हते.

नानांना एका जागी बसवेना. पुढच्या दारातून मागच्या दारात जायचे, मागच्या दारातून पुन्हा पुढं यायचे. वाऱ्यानं कडी वाजली की उठायचे. कोणी नसायचं. कडी लावून बसायचे, आणि ती वाजली नाही म्हणून पुन्हा उठायचे.

"तुम्ही येरझाऱ्या का घालता?" मत विचारायचं.

"पाय मोकळं करतोय."

महिना सरला आणि दिगूचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"भाषण उत्तम झालं, नाना. मत आता इतकं पक्कं झालंय, की येऊन बघायची गरजच उरली नाही. दिवाळीचं तिकीट रद्द केलं मी."

"तू तिकीट काढलं हुतंस?"

"मत कच्चं होतं ना, म्हणून काढून ठेवलं होतं. म्हटलं, एकदा स्वतः बघून घ्यावं."

नानांनी फोन ठेवला. मग त्यांनी टोपी घातली.

"ऊठ," ते मताला म्हणाले. "हौसाक्काकडं जायचंय."

"काम काय आहे?"

"काई न्हाई."

मत त्यांच्याकडं बघत राहिलं. काय होणार ते त्याला ठाऊक होतं. पण पाहुणा म्हणून राहिलेलं, नानांच्या हातची पट्टी कपाळावर घेतलेलं मत होतं ते. त्यानं जाकिटाची बटणं लावली.

"दिगंबररावांना तिकडे कळेल," ते म्हणालं.

"कळंना का."

"इथला चहा बरा होता."

"आक्काकडंबी मिळंल. गूळ जरा जास्त घालती ती."

बाहेर पुन्हा वारं सुटलं होतं. चार पावलांवरचं घर, पण मताला नानांचा हात धरावा लागला. हौसाक्का ओट्यावर सुपात लसूण घेऊन सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काय काम काढलंस, निवृत्ती?"

"काई न्हाई. सहज आलो."

"आणि ह्याचं?"

मतानं नानांकडं पाहिलं, मग हौसाक्काकडं. "माझंही काही काम नाही," ते म्हणालं, आणि जाकीट त्याच्या खांद्यावरून सैल पडलं.

हौसाक्कानं पुढ्यातलं सूप बाजूला सारलं. नाना ओट्याच्या कडेला टेकले. बऱ्याच दिवसांनी त्यांचे पाय एका जागी राहिले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"नाना," दिगू म्हणाला, "मला आत्ता वर्गात बोलता बोलता पुढचं सुचेना. वाटायचं ते वाटेनासं झालंय. तिकडे काय झालंय?"

"येऊन बघ."

"येऊन... पण सुट्टी मागायची तर अर्जात काम लिहावं लागतं. काय काम लिहू?"

"काई काम न्हाई, असं लिही."

फोन चालूच होता, पलीकडं दिगूचा श्वास ऐकू येत होता. नानांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. शेजारी मत आता इतकं पातळ झालं होतं, की त्याच्यातून गुलाबचाचांचं दुकान दिसत होतं. वाऱ्याच्या झोतासरशी ते ओट्यावरून जरा सरकलं.

हौसाक्का चहा ठेवायला उठली होती. दारातच थांबून तिनं मागं वळून पाहिलं.

"त्याला मधी बसव, निवृत्ती," ती म्हणाली. "वारं लई सुटलंय."