छतातला हात

इंजिनिअर बाई घर तपासायला येणार होत्या त्या सकाळी चष्मेवाल्याने दुकान उघडलंच नाही. दुकान त्याच्या घराच्याच खालच्या मजल्यावर होतं. पुढे काचेचं भलंमोठं शोकेस आणि मागे दोन खोल्यांत नवराबायकोचा संसार. तो हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या खोलीच्या भिंती चाचपत होता आणि त्याचा चेहरा अधिकाधिक उतरत चालला होता.

"इथले तडे गेले कुठे?" तो बायकोवर करवादला. "लिंपलेस ना तू?"

"चार माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर जरा नीटनेटकं नको?"

"अगं, घर कच्चं आहे की नाही ते बघायला येतायत त्या! कच्चं दिसलं तर अनुदान मिळणार. आणि तू त्याला पावडर लावून बसवलंस!"

मध्यंतरी भूकंपाचा एक हादरा बसला होता. फार मोठा नव्हता, पण दुकानातले चष्मे पटापटा खाली पडले आणि गल्लीतली माणसं बाहेर पळाली. त्यानंतर सरकारने योजना काढली. जुनी घरं मजबूत करून घ्या, बराचसा खर्च आम्ही देतो. अटी दोन. तपासणीत घर मजबुतीच्या गरजेचं ठरायला हवं आणि घराच्या सगळ्या मालकांची संमती हवी.

दुसऱ्या अटीपाशीच सगळं अडलं होतं. वरचा मजला आक्काचा होता. आक्का म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले आणि घरी येऊन सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं. कारण ते शोकेस. एकदा ती गावाला गेली असताना याने पुढची भिंत पाडून तिथे काच बसवली. "मला न विचारता माझ्या पायाखालची भिंत काढलीस," एवढं ती बोलली आणि त्यानंतर जे काही बोलायचं ते त्याच्या बायकोमार्फत. खालचे निरोप वर, वरचे टोमणे खाली. बायकोचे गुडघे त्या जिन्यानेच गेले, असं तिचं म्हणणं होतं.

आताही वरून निरोप आला होता. "कामाच्या वेळी घर रिकामं करावं लागतं म्हणे. एकदा मी बाहेर पडले की हा मला परत आत घेईल कशावरून?" नुसता निरोप धाडून आक्का थांबली नव्हती. घर तपासणीत ठणठणीत ठरावं म्हणून तिने आपल्या भिंतींवरचा प्रत्येक तडा झाकून टाकला होता. इथे कॅलेंडर, तिथे आरसा, मोठ्या तड्यापुढे कपाट. वर घर सजत होतं, खाली चष्मेवाला ते विस्कटायला निघाला होता.

भिंतींनी दगा दिल्यावर त्याचं लक्ष छताकडे गेलं. कोपऱ्यात एक बारीकशी चीर लिंपायची राहिली होती. त्याचे डोळे चमकले.

"शिडी धर," तो म्हणाला.

"अहो, नको. पडाल."

"पडलो तर तेही दाखवू त्यांना."

त्याने स्क्रूड्रायव्हरने चीर जराशी खरवडली. जराशी म्हणता म्हणता प्लास्टरचा पोपडा सुटून बायकोच्या डोक्यावर आला आणि वर एक गोल भोक दिसलं. पूर्वी कधीतरी तिथून पाण्याचा पाइप खाली आणलेला होता. पाइप काढल्यावर कुणीतरी भोकात चिंध्या कोंबून वरून हात फिरवला होता. चष्मेवाल्याने चिंध्या ओढल्या, आत स्क्रूड्रायव्हर घालून ढोसला, आणि तो हातातून निसटून पार वर गेला. तो काढायला त्याने हात घातला. मनगट गेलं, मग कोपरापर्यंत हात गेला.

वर आक्का सकाळपासून ओट्याखालची खरखर ऐकत होती. घूसच शिरली आहे, अशी तिची खात्री पटली होती. झाडूचा दांडा घेऊन ती दबा धरून बसली होती. अंधारात काहीतरी वळवळलं आणि तिने सगळं बळ लावून दणका हाणला.

"आई गंऽऽ!" घूस ओरडली.

आक्का खाली वाकली. जमिनीतून एक हात उगवला होता. अंगठा जरा वाकडा. लहानपणी तिनेच दारात चेंगरलेला. तो तिने दहा हजारांत ओळखला असता.

"अरे, तू? माझ्या ओट्याखाली?"

इतक्या वर्षांनी बहीण थेट बोलली, पण चष्मेवाल्याला त्याचा आनंद मानायला सवड नव्हती. "आक्का, हात निघत नाहीये!"

खरंच निघत नव्हता. दणक्याने तो टम्म सुजला होता. आक्काने वरून ढकलून पाहिला, बायकोने खालून पाय ओढून पाहिले. त्यामुळे चष्मेवाला तेवढा लांब झाला.

"पण तू करत काय होतास तिथे?"

"घर कच्चं दिसावं म्हणून..."

"म्हणजे मला बाहेर काढायला!"

आता मात्र खालून शिडी धरलेल्या बायकोचा तोल गेला, म्हणजे मनाचा. "वन्सं, पुरे झालं! त्या दिवशी हादऱ्याने तुमचं दार अडकलं, तेव्हा खांदा मारमारून ते कुणी उघडलं? यांनी! आठवडाभर खांदा शेकवत होते. तुम्ही घाबरून डोळे मिटून बसला होतात. दार उघडलं तसे हे खाली पळाले आणि शेजारचा औषधवाला आत आला."

वरून हळू आवाज आला, "त्याला मी मफलर विणून दिला."

"दिलात. आणि तो रोज गळ्यात घालून हिंडतोय मेला!"

"तू का नाही रे बोललास?" आक्का त्या हाताला म्हणाली.

"तू बोलत नव्हतीस," हाताचा मालक खालून म्हणाला. "पण तेव्हापासून झोप लागत नाही. वर जरा काही वाजलं की वाटतं, पुन्हा तुझं दार अडकलं तर? या वेळी नाही उघडलं तर?"

आक्काने सुजलेला हात दोन्ही हातांत धरला. ती काहीतरी बोलणार, तोच खाली बेल वाजली. शिडी सोडता येत नव्हती. बायको तिथूनच ओरडली, "दार उघडंच आहे! आत या!"

डोक्यावर हेल्मेट, हातात छोटी हातोडी अशा इंजिनिअर बाई आत आल्या आणि थबकल्या. समोर शिडीवर एक गृहस्थ छतात हात घालून उभे होते.

"नमस्कार," चष्मेवाला डाव्या हाताने म्हणाला. "हे घर फार कच्चं आहे हो."

"अजिबात नाही!" छतातून एक बाईचा आवाज आला. मग क्षणभर थांबून, "म्हणजे... आहे. कच्चंच आहे."

बाईंनी अनेक घरं पाहिली होती, पण छत मत देतं असं घर त्यांनी पाहिलं नव्हतं. "अग्निशमनवाल्यांना बोलावू का?" त्यांनी विचारलं.

"नको, नको! आक्का तेल तापवतेय. कोमट. तुम्ही तपासून घ्या तोवर."

मग बाईंनी पाया पाहिला, भिंती ठोकून पाहिल्या, वर जाऊन कॅलेंडरं उचलून पाहिली. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "हे बारीक तडे वरवरचे आहेत. लिंपले काय, खोदले काय, आम्हाला सारखेच."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला.

"घराचं खरं दुखणं पुढे आहे. त्या काचेच्या जागी आधी भिंत होती का?"

भोकापाशी जोरात हालचाल झाली. "होती! चांगली जाड होती! ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय," चष्मेवाला म्हणाला. ऐकण्याशिवाय त्याला दुसरं काही करताही येत नव्हतं.

"वरच्या मजल्याला पुढून आधारच उरलेला नाही. मोठा हादरा बसला तर घर पुढे कलेल," बाई म्हणाल्या. "पण वेळ गेलेली नाही. तिथे लोखंडी चौकट बसवू, वरच्या भिंती जमिनीशी बांधून घेऊ. घर योजनेत बसतं. तुम्हाला काही आठवडे दुसरीकडे राहावं लागेल."

"आणि नंतर?" वरून प्रश्न आला.

"नंतर इथेच. राहणारी माणसं परत आली नाहीत, तर अनुदान परत द्यावं लागतं. तशी अटच आहे."

"म्हणजे मी परत आले नाही तर याला भुर्दंड?"

"हो."

"कुठे सही करायची?" आक्का म्हणाली, आणि त्याच आनंदात तिने तेलाचं अख्खं भांडं भोकात उपडं केलं. हात सुळकन निसटला. चष्मेवाला शिडीसकट पलंगावर आला, तेलाची धार बायकोच्या केसांवर, आणि उरलेलं इंजिनिअर बाईंच्या हेल्मेटवर ठिबकत राहिलं. सह्या झाल्या. चष्मेवाल्याने डाव्या हाताने केली, ती त्याच्या नेहमीच्या सहीपेक्षा बरी आली.

काम सुरू झालं तसे तिघं मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. आक्काने इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं तिथे मोकळं केलं. रोज संध्याकाळी बहीणभाऊ काम बघायला जात आणि चौकट सरळ आहे की तिरकी यावर रस्त्यात उभे राहून कडाकडा भांडत. गवंडी मध्ये पडायचं सोडून चहाला जात.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, पण पसरताना ती जरा बदलली. आता घरोघरून अर्ज जाऊ लागले आणि माणसं चष्मेवाल्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारू लागली, "हात कितपत आत घालावा लागतो?" औषधवाल्यानेही अर्ज केला. त्याच्या घराच्या तपासणीला आक्का आपणहून हजर राहिली. आता या विषयातलं तिला सगळं कळत होतं.

इंजिनिअर बाई औषधवाल्याच्या दाराशी आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबून त्यांनी हेल्मेट घट्ट केलं, छताकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "घरात कुणी अडकलेलं नाही ना?"

"नाही," आक्का म्हणाली. "पण हवं असेल तर आमचा भाऊ आहे. हाक मारू?"