बेलचा धडा

आमच्या खालच्या मजल्यावर रोज सकाळी मिलचा भोंगा वाजतो. मिल बंद पडून जमाना झाला. भोंगा रणपिसेकाका तोंडाने वाजवतात. गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताठ, मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू निवांत दूध-रोटी खात असतं. दचकतो तो नवा पेपरवाला.

काकांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. तलवार अजून भिंतीवर आहे; तिने शेवटचा वार गेल्या उन्हाळ्यात कलिंगडावर केला. काका स्वतः विम्याच्या कचेरीतून रिटायर झाले. पण गल्लीतली कुत्री त्यांच्या जिन्याखाली व्यायला लागली आणि घराण्याला पुन्हा फौज मिळाली.

"लहानपणी ऐकला तो आवाज घरचा, भिया," काका इंदुरी थाटात सांगतात. "मोठेपणी ऐकला तो दुश्मनाचा."

पिल्लू कुणाच्या घरी देण्याआधी त्याला आवाजांची सवय लावायची. पद्धत सोपी. आधी आवाज बारीक, लगेच रोटी. पिल्लू खात राहिलं तर उद्या थोडा मोठा. कान पाडले की थांबायचं. "आराम से! डर आणि भूक एका पोटात मावत नाहीत."

चमचा पडणे, कुकरची शिट्टी, मिक्सर, कचरागाडीचं गाणं, असा अभ्यासक्रम. मग पिशवीत घालून पलासियाच्या चौकात, हॉर्नची परीक्षा द्यायला. शिवाय काका दोन करवंट्या वाजवून टांग्याच्या टापाही ऐकवत.

"काका, टांगे राहिलेत कुठे आता?"

"इंदूरचं कुत्रं आहे. मालूम तर पाहिजे!"

अडचण दारावरच्या बेलची. ती बाहेरून वाजणार आणि रोटी आतून मिळणार. काका आधी एकट्यानेच दोन्हीकडे धावत. एकदा ते बाहेर असताना दार आपटून बंद झालं. पिल्लू अजिबात घाबरलं नाही, झोपून गेलं. काका चावीवाला येईपर्यंत ओट्यावर बसले. त्यानंतर संध्याकाळच्या बेलवर माझी नेमणूक झाली.

"तुमच्या काकू होत्या तेव्हा ही बेल थांबायची नाही," काका एकदा म्हणाले. "भिशीच्या बाया, हळदीकुंकवाच्या बाया, लोणच्यात मीठ किती विचारणाऱ्या बाया. मी वैतागायचो. तेव्हाची कुत्री फुकटात शिकून गेली."

यंदाच्या पिल्लांतली शेवटची उरली भुरी. देपालपूरच्या एका धान्यवाल्याला ती हवी होती. बेलला ती पहिल्या दिवशी सोफ्याखाली शिरली. आठवड्याभरात शेपटी हलवू लागली. पुढे तर डोळाही उघडेना. काका मात्र रोज इस्त्रीचा शर्ट घालून, "आलो, आलो!" करत दारात हजर.

देपालपूरहून फोन आला की काका सांगत, "बेल अजून कच्ची आहे, साहेब." शेजारी भुरी घोरत असे.

शेवटी धान्यवाला स्वतःच आला. बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. भुरीने कूस बदलली. आता काकांना तिला नापास करता येईना. त्यांनी रोट्या फडक्यात बांधून दिल्या, करवंट्याही दिल्या. "ट्रॅक्टर एकदम जवळ नका आणू. आराम से," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही. पेपरवाला जिन्यात थोडा घुटमळला म्हणे.

संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी काकांच्या दारापाशी आलो. काम काहीच नव्हतं. तरी बेल वाजवली.

"आलो, आलो!"

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट. हातात सवयीने घेतलेला रोटीचा तुकडा. आम्ही दोघांनीही त्या तुकड्याकडे पाहिलं.

"आलाच आहात तर बसा," काका म्हणाले. "पोहे टाकतो. शेव आहे घरात."

पोहे झाले, चहा झाला. निघताना काकांनी भिंतीवरच्या तलवारीकडे बघत म्हटलं, "आता उद्यापासून तुम्हाला सुट्टीच की."

"कसली सुट्टी?" मी चपला घालत म्हणालो. "माझी बेल अजून कच्ची आहे."