आधी काळं, मग बांगडा

“यांना वाटीभर आणि आम्हाला चमचाभर. चोवीस वर्षं येतोय म्हटलं मी इथे.”

शेजारच्या स्टुलावरून मुराई-सान पुटपुटले. पुटपुटले तेही असं बेतानं, की ओंद्राला ऐकू जावं, चुलीपाशी उभ्या असलेल्या किनुयोला ऐकू जावं, आणि पडद्याआडच्या तोमे आजींना तर नक्कीच ऐकू जावं. मुराई-सान निवृत्त पोस्टमन. कुठलं पत्र कुठल्या दारात टाकायचं, हे त्यांना बरोबर कळत असे.

ओंद्रानं समोरच्या वाटीकडे पाहिलं. कालच्यापेक्षा मोठी होती. आत काळंकुळकुळीत, चकचकीत काहीतरी शांतपणे पडलं होतं. माकुलाचे तुकडे त्याच्याच काळजात आणि त्याच्याच शाईत मीठ घालून मुरवलेले, म्हणजे कुरोझुकुरी. जपानातल्या या उओझूच्या किनाऱ्यावर ते खाणारे पुष्कळ. पण ‘त्सुबाकी’ खानावळीतलं, तोमे आजींच्या हातचं म्हणजे काही निराळंच, असं सगळे म्हणत. ते खरंही होतं. समुद्राला आठ दिवस ताप आलाय आणि आपण त्याच्या जिभेवर बसलोय, असं काहीतरी ओंद्राला दर वेळी वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी ओंद्रा इथे आला तो काच फुंकायची कला शिकवायला. माणूस चेक, वय पंचेचाळीस, अंगानं आडवा, बोलायला कमी. कार्यशाळेतले विद्यार्थी त्याला वाकून नमस्कार करत आणि पाच वाजता वाकूनच निघून जात. मग तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि तो. अशात एका दुपारी तो ‘त्सुबाकी’चा पडदा सारून आत शिरला, सहा स्टुलांपैकी तिसऱ्यावर बसला आणि भाजलेला बांगडा मागवला. भात, सूप, बांगडा आणि कोपऱ्यात चिमूटभर काळं.

आता ओंद्राच्या आईनं लहानपणी त्याला एक वळण लावलं होतं. पानातलं नावडतं असेल ते आधी संपवायचं, म्हणजे मग आवडीचं निवांत खाता येतं. त्यानं ते काळं उचललं, डोळे घट्ट मिटले आणि एका घासात गिळलं. मग सुस्कारा सोडून बांगड्याकडे वळला.

पडद्याच्या फटीतून आजी बघत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या तेव्हा. खुर्चीतून फारशा उठत नसत. त्या दिवशी उठल्या. पहिलं काय खाल्लं, तर ते. तेही डोळे मिटून. वर सुस्कारा. त्यांनी स्वतःच्या हातानं आणखी एक वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “आमचे हे पण अस्सेच खायचे. आधी तेच, डोळे मिटून.”

भिंतीवरच्या फळीत त्यांच्या यजमानांचा फोटो होता. जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. फोटोपुढे रोज एक इवलीशी वाटी असे, आणि त्या वाटीत काय असे ते सांगायला नको.

दुसरी वाटीही ओंद्रानं संपवली, कारण पानात टाकणं इथल्या रीतीत बसत नाही. आणि तिथून सगळं घसरत गेलं.

त्यानं उपाय केले नाहीत असं नाही. एकदा ते काळं अगदी शेवटी खाल्लं. आजींनी गावभर सांगितलं, की याला ते एवढं आवडतं, की शेवटपर्यंत जपून ठेवतो. एकदा अर्धंच खाल्लं, तर आजींना वाटलं, पोराला बरं नाही. संध्याकाळी किनुयो त्याच्या दारात पेज आणि खारवलेला प्लम घेऊन उभी. किनुयो आजींची सून. खानावळ तीच चालवायची, आणि सासूचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं. शेवटी तो आठवडाभर गेलाच नाही. चौथ्या दिवशी किनुयो सायकलवरून कार्यशाळेत आली. डब्यात काळं.

डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं ओंद्राला कळलेलं होतं. त्यानं काचेचा एक छोटा मासा फुंकला आणि डब्यात घालून पाठवला. आजींनी तो फोटोपाशी ठेवला. पण एवढ्या कष्टाच्या वस्तूपुढे एका डब्याचं काय घेऊन बसलात, म्हणून पुढच्या आठवड्यात दोन डबे आले. ओंद्रानं दोन खेकडे पाठवले. वर्षभरात फोटोभोवती काचेचा समुद्र झाला आणि ओंद्राच्या फ्रिजमध्ये दुधाला जागा उरली नाही.

बाकीच्या गिऱ्हाइकांचं औदार्य तर डोळ्यांत पाणी आणणारं होतं. मुराई-सान आपला चमचाभर वाटा त्याच्या ताटलीत सरकवत. पलीकडच्या गल्लीत केस कापायचं दुकान असलेल्या हिसाए-सान आपली वाटी पुढे करून म्हणत, “घ्या हो ओंद्रा-सान, तुमच्यासाठीच ठेवलंय. मला काय, जन्मभर आहेच.” एवढी चविष्ट गोष्ट ही माणसं उचलून दुसऱ्याला देतात, या विचारानं ओंद्राला स्वतःची लाज वाटे. मग तो तीही खाई. गावच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, दात आणि ओठ काळे, चेहऱ्यावर हसू. हिसाए-साननं तो कापून दुकानातल्या आरशाला चिकटवला.

खरं सांगून मोकळं व्हावं असं त्याला रोज वाटे. पण या गावात त्याला कुणी “काल का नाही आलास?” असं विचारत असेल, तर ते त्या तिसऱ्या स्टुलावर. ते स्टूल वाटीवर उभं होतं. वाटी काढली तर ते राहील का, याची त्याला खात्री नव्हती.

तर त्या दिवशी, मुराई-सान पुटपुटून झाल्यावर, आजी पडद्याबाहेर आल्या. हातात चिनी मातीची बरणी. सासूनं त्यांना दिलेली. किनुयो धावली, पण आजींनी तिला कोपरानंच बाजूला सारलं आणि बरणी ओंद्रापुढे ठेवली.

“माझी मनगटं गेली आता,” आजी म्हणाल्या. “आजपासून ही तुझी. सकाळी माकूल येतील, तू ये. मी बसून सांगते, तू कर. दहा दिवस रोज हातानं ढवळायचं. मग जन्मभर करून खा.”

चुलीवर बांगड्याची चरबी तडतडत होती.

ओंद्रानं बरणीकडे पाहिलं. हो म्हणावं, तर ते काळं आता घरात येणार, रोज कोपरापर्यंत हात काळे होणार, आणि आजी शंभरीपर्यंत चव बघायला येणार. नाही म्हणावं, तर आजींचा चेहरा. पण तीन वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत. “ते जरा…” एवढंच म्हणायचं, मान किंचित तिरकी करायची आणि वाक्य तसंच सोडून द्यायचं. पुढचं ऐकणारा समजून घेतो, कुणाला काही लागत नाही.

त्यानं मान तिरकी केली. “आजी, ते जरा…”

सबंध उओझूत हे वाक्य हवेत राहू न देणारं एकच माणूस होतं.

“जरा काय?” आजी म्हणाल्या.

ओंद्राला पुढचं कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं मदतीसाठी मुराई-सानकडे पाहिलं.

“म्हणजे त्यांचं म्हणणं,” मुराई-सान सुपाच्या वाडग्याशी बोलले, “की ते… जरा…” आणि त्यांचे कान लाल झाले.

आजी हिसाए-सानकडे वळल्या. हिसाए-साननं तोंडावर रुमाल धरला आणि त्याच्या आडून “हो ना, म्हणजे तसं जरा…” असं काहीतरी म्हटलं. आजींनी सुनेकडे पाहिलं. किनुयो अठ्ठावीस वर्षं त्या घरात होती. तिनं बांगडा उलटला. पुन्हा उलटला. त्याला आता उलटायला बाजू उरली नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “ते जरा…”

चार वाक्यं तशीच लोंबत राहिली. आजी स्टुलावर बसल्या, ओंद्राच्या शेजारी.

“एक सांग,” त्या हळू म्हणाल्या. “पहिल्या दिवशी तू आधी तेच का खाल्लंस?”

ओंद्रानं होतं तेच सांगितलं. “आई म्हणायची, नावडतं आधी संपवावं. मग बाकीचं सुखानं खाता येतं.”

“आणि डोळे?”

“ते मिटले की वास कमी येतो.”

हिसाए-सानच्या रुमालाआडून एक बारीक आवाज आला आणि दाबला गेला. मुराई-साननी स्टुलाखाली छत्री शोधायला सुरुवात केली. बाहेर ऊन होतं. ओंद्रा आपल्या स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला, जणू ते आत्ताच कुणी ओढून नेणार होतं.

पण आजी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या, काचेच्या माशा-खेकड्यांच्या मधोमध, जिथे ती इवलीशी वाटी होती. बेचाळीस वर्षांचा संसार. रोज दुपारी समोर बसलेला नवरा. आधी तेच, डोळे मिटून, एका घासात.

त्यांचे खांदे हलायला लागले. किनुयो घाबरून पुढे आली, मग जवळून बघून थांबली. आजी हसत होत्या. हसता हसताच उठल्या, फळीवरची वाटी उचलून सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, यांना बांगडा वाढ, आणि या पोरालाही, किती वाट बघायला लावलीस त्याला. मग ओंद्राच्या खांद्याचा आधार घेऊन पुन्हा वळल्या आणि फोटोच्या अगदी जवळ तोंड नेलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मलापण कधीच नाही आवडलं.”